दाराबाहेर दहा पावलं

स्मरणिका समितीने संस्थेचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं, तेव्हा मी आधी कपाट उघडलं. सभांच्या इतिवृत्ताच्या तीन वह्या निघाल्या. एक वाळवीने निम्मी केलेली. दुसरीत पहिली काही पानं सोडली तर पुढे कुणाच्या तरी मुलीने बेरजा सोडवलेल्या. तिसरीत प्रत्येक सभेखाली एकच वाक्य : 'चहापानानंतर सभा खेळीमेळीत संपली.' ज्या सभेत दोन सभासद एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते, तीही खेळीमेळीतच संपली आहे.

चौथी वही मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत शाबूत आहे. लांबट, लाल पुठ्ठ्याची, दुकानात उधारी मांडायला असते तशी. वर निळ्या शाईत 'जनरेटर' असं लिहिलंय. आत सहा रकाने : तारीख, नाव, गल्ली, काम, परत, शेरा. सभेला कोण आलं आणि कोण नाही याची आपल्याकडे कधी कुणाला फारशी फिकीर नव्हती, पण जनरेटर कुणी नेला आणि परत आणला की नाही ही संस्थेची खरीखुरी काळजी होती. अध्यक्षांची छायाचित्रं आणि कार्यकाळ या अंकात सुरुवातीला आहेतच. म्हणून मी हा इतिहास लाल वहीतून लिहितोय. त्यात कुणाला आपलं नाव कमी वेळा सापडलं, तर आपण जनरेटर कमी वेळा नेला असं समजून घ्यावं.

आपला क्लब रोटरीचाही नाही आणि लायन्सचाही नाही, हे नव्या सभासदांना सांगावं लागतं. या दोन्ही संस्थांचं मूळ गाव एकच, शिकागो. १९०५ मध्ये पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन मित्रांना बोलावलं. पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत बसायचं ठरलं, म्हणून नाव रोटरी. पुढे १९१७ मध्ये विमा व्यवसायातल्या मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने लायन्स उभी राहिली. १९२५ साली लायन्सच्या अधिवेशनात हेलन केलर यांनी अंधांचं काम हाती घ्या म्हणून गळ घातली आणि तेव्हापासून लायन्स म्हटलं की नेत्रशिबिर हे समीकरण जगभर बसलं. बेळगावात दोन्हींचं काम दांडगं आहे. एका रोटरी क्लबने तर वेणुग्राम हे बेळगावचं जुनं नावच आपल्या नावात जपलंय.

ते सगळं पाहूनच आमच्या शहापुरातल्या विणकर, मास्तर, किराणा दुकानदार अशा मंडळींना वाटलं की आपणही एक काढू की. छत्र कुणाचं नको, गल्लीपुरतं करू, वर्गणी परवडेल तेवढी. नावात 'क्लब' हा शब्द घातला तेवढीच काय ती हौस. त्याचा त्रास पहिल्या वर्षी झाला, कारण घराघरांतल्या आयांच्या लेखी क्लब म्हणजे पत्ते कुटायची जागा. "क्लबात गेलाय" असं कुणी सांगितलं की त्या घरी रात्री जेवण वाढताना भांडी जरा जास्तच आपटायची.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. संस्थेत मी आलो तो वर्गणी देणारा म्हणून. जनरेटर आला तसा तो ठेवायला माझ्या दुकानात आला, आणि त्याच्यामागून सेक्रेटरीपदही आलं.

शहापूर हे एके काळी सांगली संस्थानाचं गाव. शहापूर, वडगाव, खासबाग इथं घरोघरी माग, आता पॉवरलूम. त्यामुळे आमच्याकडे करंट गेलेला आधी कानाला कळतो, मग डोळ्याला. खटखट थांबते आणि गल्ली एकदम मोठी झाल्यासारखी वाटते. एखाद्या घरातला कुकर, एखाद्या घरातलं भांडण सगळं ऐकू येतं. बाहेरच्या पाहुण्याला ही शांतता आवडते. विणकराला त्यात बुडालेली मजुरी ऐकू येते.

तसं पाहिलं तर आपल्या जिल्ह्याचं आणि यंत्रशक्तीचं नातं जुनं. गोकाकच्या धबधब्याच्या जोरावर सूतगिरणी चालू झाली १८८७ मध्ये. पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भाऊ रामूअण्णांच्या साथीने बेळगावात सायकलचं दुकान थाटलं. तिथून कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. १९१० मध्ये इथली जागा सोडून ते औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर गेले आणि त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. बेळगावला किर्लोस्कर रोड तेवढा उरला. याच घराण्याच्या ऑइल इंजिनांचा कारखाना १९४६ मध्ये पुण्यात निघाला आणि आज त्यांच्या इंजिनांवरचे जनरेटर देशभर धडधडतात. लग्नाच्या हॉलबाहेर असा हिरवा डबा दिसला की मला उगाच आपल्या गावचा माणूस भेटल्यासारखं होतं.

क्लबचा जनरेटर मात्र असा खानदानी नव्हता. तो जुना, दुसऱ्याने वापरून टाकलेला, एका माणसाला हातात धरून नेता येईल असा एक केव्हीएचा रॉकेलचा सेट होता. तो घ्यायचं कारण झालं एक नेत्र तपासणी शिबिर.

खानापूरच्या बाजूला जांबोटीच्या वाटेवरचं गाव. शाळेत शिबिर. दहा वाजता डॉक्टर आले, सव्वादहाला करंट गेला. पावसाळी दिवस, बाहेर काळोखून आलेलं. वर्गाच्या खिडक्या लहान. डोळे तपासायचं यंत्र बंद, भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यावरचा दिवा बंद. बाहेर व्हरांड्यात म्हातारी माणसं बसलेली, काही जण तर आठ-आठ मैल चालत आलेले. डॉक्टरांनी बॅटरी दाताखाली धरून जमेल तेवढं पाहिलं. एका आजींनी तक्त्याकडे बघून सांगितलं, "मला काई दिसंना बघा." त्यांना मोतीबिंदू होता की खोलीतला अंधार, हे त्या दिवशी कुणालाच ठरवता आलं नाही. त्यांना परत बोलवावं लागलं. येताना टेम्पोत कुणी बोलेना. बेळगावात शिरताना आमच्या क्लबातले तात्या म्हणाले, "चष्मे वाटून काय उपयोग? आधी उजेड घेऊन जायला पाहिजे होता." पुढच्या सभेत सेट घ्यायचं ठरलं. हे इतिवृत्तात नाही. लाल वहीच्या पहिल्या पानावर आहे.

त्या सेटची एक रीत होती. आधी पेट्रोलवर चालू करायचा. चोक ओढायचा, दोरी ओढायची, एकदा, दोनदा, पाचदा. इंजिन तापलं की खटका फिरवून रॉकेलवर टाकायचं. बंद करण्याआधी परत पेट्रोलवर आणून कार्ब्युरेटरमधलं रॉकेल जाळून टाकायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी दोरी ओढून खांदा निखळतो पण इंजिन ठसकतसुद्धा नाही. नेणारा प्रत्येक जण ही रीत मान डोलावून ऐकायचा आणि बंद करताना विसरायचा. सोमवारी सकाळी स्पार्क प्लग काढून त्यावरची काजळी पॉलिश पेपरने घासणं हे माझ्या सेक्रेटरीपदाचं मुख्य काम होतं.

वहीतल्या 'काम' या रकान्यात गल्लीचं सगळं आयुष्य आहे. बारसं. वास्तुशांत. दहावीचा अभ्यास. हळद. मयत. ऑर्केस्ट्रा, ज्याच्यापुढे दुसऱ्या कुणीतरी पेन्सिलीने 'परत देऊ नये' असं लिहिलंय. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक तर दर वैशाखात. आपल्याकडे सजीव देखाव्यांचे चित्ररथ रात्रभर फिरतात. तेव्हा कुठल्या तरी मंडळाचा अफझलखान उजेडात यावा म्हणून आपला सेट ट्रॉलीच्या मागे बांधलेला असायचा. वीजपुरवठा करणारी कचेरी केईबीची होती, २००२ पासून तिची हेस्कॉम झाली. आमच्या वहीतल्या नोंदी काही त्यामुळे कमी झाल्या नाहीत.

इथवरचा इतिहास सांगायला सोपा आहे आणि आतापर्यंतच्या प्रत्येक स्मरणिकेत तो छापलाय. पुढचा छापलेला नाही.

एका वळवाच्या संध्याकाळी वादळाने फांद्या पडल्या, ट्रान्सफॉर्मरचा डीओ, म्हणजे ड्रॉप-आउट फ्यूज, उडाला, दोन गल्ल्या अंधारात. सेट एका सभासदाने नेला. त्याच्या घरी मुलाचा वायरिंगचा अर्धवट कोर्स झालेला. त्याने दोन्ही टोकांना प्लग असलेली एक वायर बनवली. एक टोक जनरेटरला, दुसरं घरातल्या भिंतीवरच्या सॉकेटला. घरभर दिवे लागले. पोराचं कौतुक झालं. मेन स्विच पाडायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

थोड्या वेळाने गल्लीच्या तोंडाशी लाइनमन खांबावर चढला. तो जुना माणूस. पुरवठा बंद आहे हे ठाऊक असूनही तारांना हात लावण्याआधी त्याने अर्थिंगची साखळी टाकली. साखळी टेकताच ठिणग्या उडाल्या आणि त्याच क्षणी इकडे सेट आचका देऊन बंद पडला. तो खाली उतरला. कुणावर ओरडला नाही. गल्लीतून कान देत चालत आला, पण सेट बंद असल्यामुळे आवाज कुठून येणार? मग त्याने नाकाने शोध घेतला. रॉकेलचा वास जिथं होता त्या दारात येऊन उभा राहिला आणि आधी कानडीत, मग मराठीत विचारलं, "कुणाचा सेट आहे हा?"

मला बोलावणं आलं. त्याने माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून मला जे समजावलं ते मी, मोटारींच्या कॉइली गुंडाळण्यात आयुष्य घालवलेला माणूस, आधीच ओळखायला हवं होतं. ट्रान्सफॉर्मर अकरा हजार व्होल्टचे खाली उतरवून आपल्या घरात दोनशे तीस देतो. तोच ट्रान्सफॉर्मर उलट्या बाजूने दोनशे तीस मिळाले की ते चढवून पलीकडे अकरा हजार करू शकतो. त्याला दिशा कळत नाही. पुष्कळदा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सगळा लोड अंगावर पडून छोटा सेट आपोआप बसतो, पण मध्येच कुठे तार तुटलेली असली, फ्यूज उडालेला असला, तर तो बसत नाही. मग खांबावरच्या माणसाला बंद लाइन जिवंत मिळते. "साखळी टाकायचा कंटाळा केला असता तर तुमच्या क्लबने माझ्या घरी शिलाई मशिन दिलं असतं," एवढं बोलून त्याने चहा घेतला आणि परत खांबावर गेला.

शेवटचं वाक्य आम्हाला सगळ्यांना फार लागलं, कारण त्या वर्षीचा आमचा उपक्रम खरोखरच विधवा भगिनींना शिलाई मशिन वाटपाचा होता.

तेव्हापासून सेट एकटा जात नाही. त्याच्याबरोबर एक फळी जाते. सागवानी, जुन्या मागाच्या लाकडाची. तिच्यावर चार सॉकेट, एक एमसीबी, गळतीचा करंट लागला की तीस मिलिअँपिअरला पडणारा एक स्विच, आणि सेटपासून फळीपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची जाड केबल. घराच्या वायरिंगला हात लावायचा नाही. दिवा, पंखा, टीव्ही जे लावायचं ते फळीवर. ज्याला घरभर करंट हवा त्याने आधी चेंजओव्हर बसवून घ्यायचा. त्याच्या खटक्याला मेन, बंद आणि जनरेटर अशा तीनच जागा असतात आणि दोन्हीकडून एकदम करंट येण्याची सोयच राहत नाही. एक केव्हीएवर आठशे वॉटच्या वर टाकायचं नाही. पंखा पंचाहत्तर, ट्यूब चाळीस-पन्नास. पाण्याची मोटार अर्ध्या एचपीची असली तरी चालू होताना कितीतरी पट ओढते, तेव्हा तिला हात लावायचा नाही. हे फळीच्या पाठीमागे ऑइल पेंटने लिहिलंय. मराठी वर की कानडी वर यावर एक अख्खी सभा गेली. ती सभाही खेळीमेळीत संपली. शेवटी एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कानडी लिहिलं. फळी कशी टांगायची ते ज्याने त्याने ठरवावं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सेट आणि फळी दोन्ही निपाणीकडे गेले. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं होतं आणि कोल्हापूरकडची वाट बंद होती. आम्ही टेम्पोने तवंदी घाट उतरून निपाणीपर्यंत पोचलो. ज्या शाळेत माणसं उतरवली होती तिथं चपात्या होत्या, चादरी होत्या, बिस्किटांचे पुडे तर इतके की मुलं त्यांचे मनोरे रचत होती. नव्हता तो मोबाइलला करंट. फळीच्या चार सॉकेटना चार एक्स्टेन्शन लावले आणि शाळेच्या अंगणात ताडपत्रीखाली, विटांवर सेट ठेवून रात्रभर मोबाइल चार्ज केले. प्रत्येक फोनला चिकटपट्टीवर नाव. पहाटे एका बाईंचा फोन चालू झाला आणि पाण्यापलीकडे अडकलेल्या मुलाचा आवाज आला. त्या ओट्यावर बसून नुसतं "जेवलास काय? जेवलास काय?" एवढंच विचारत राहिल्या. क्लबच्या अहवालात त्या दौऱ्याचे आकडे आहेत. मला त्यातला हा एक फोन आठवतो.

आता त्या गोष्टीकडे येतो, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला कबूल झालो.

१३ जुलै २०२१ ला चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरची बातमी आली. रात्री वीज गेली म्हणून घरातच जनरेटर लावून कुटुंब झोपलं. सकाळी सहा जण मृत. धुराने गुदमरले असं पहिल्यांदा वाटतं, पण ते तसं नसतं. आमच्या सभासदांतले एक डॉक्टर बातमीचं कात्रण घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, "तुमची ती लाल वही काढा. शेरे वाचा मोठ्याने."

मी वाचू लागलो. 'सेट उत्तम.' 'रॉकेल संपून आला.' 'पाहुण्यांना रात्री पित्त झाले.' 'दोरी तुटली, नवी घातली.' 'जेवण बाधले असावे, तिघांना उलट्या.' 'आजी चक्कर येऊन पडल्या, आता बऱ्या.' 'पित्त.' डॉक्टर प्रत्येक वेळी विचारत, "महिना?" जुलै. ऑगस्ट. जुलै. सप्टेंबर. जून. उन्हाळ्यातल्या लग्नसराईत सेट सर्वांत जास्त वेळा गेला होता, पण वैशाखात एकालाही पित्त झालेलं नव्हतं. उन्हाळ्यात सेट अंगणात असतो. पावसाळ्यात तो भिजू नये म्हणून सोप्यात येतो, आणि आवाज नको म्हणून मधलं दार लावून घेतलं जातं.

मी वही मिटली. इतकी वर्षं मी काजळी घासत होतो आणि शेजारच्या रकान्यात हे लिहिलेलं होतं. लिहिलंही मीच होतं.

त्या वायूचं नाव कार्बन मोनॉक्साइड. इंधन अर्धवट जळलं की तो निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्याला झोंबत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं. मग श्वास चालू, पण आत प्राणवायू नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, हातपाय गळून जातात. हुबेहूब पित्त. जागा माणूस निदान बाहेर वाऱ्यावर येऊन बसतो. झोपलेला उठतच नाही. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती ऐकून तर अंगावर काटा आला. तेव्हा कोरोनामुळे घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर होतं. ते साधं यंत्र या वायूने भरलेलं रक्त आणि प्राणवायूने भरलेलं रक्त यांत फरक करू शकत नाही. माणूस मरायला टेकलेला असेल आणि बोटावर अठ्ठ्याण्णव दिसेल.

आम्ही त्याच रात्री पत्रक काढलं. त्यात पहिली ओळ होती : 'खोलीत धूर झाल्यास त्वरित बाहेर पडा.' कानडीत तेच, 'होगे' हा शब्द घालून. पाचशे प्रती छापून झाल्यावर डॉक्टरांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. धूर दिसेपर्यंत थांबा असंच आम्ही लोकांना सांगत होतो. पाचशेच्या पाचशे रद्दीत गेल्या. त्यांच्या कोऱ्या बाजूवर खजिनदार अजूनही हिशेब करतात. नवं पत्रक लिहिलं : धूर दिसो न दिसो, जनरेटर घरात नाही, सोप्यात नाही, जिन्याखाली नाही, गच्चीच्या दाराशी नाही, खिडकी उघडून ठेवली तरीही नाही. घरातल्या दोघांचं डोकं एकदम दुखायला लागलं तर पित्ताची गोळी घ्यायची नाही. सगळ्यांनी बाहेर यायचं, सेट बंद करायचा आणि दवाखान्यात जनरेटरचं नाव सांगायचं.

जनरेटर घरापासून लांब म्हणजे किती लांब? अमेरिकेत वादळानंतर असे बळी दरवर्षी पडतात. २०२० मधल्या लॉरा वादळात तर लुईझियानात समुद्राच्या लाटेपेक्षा जनरेटरच्या वायूनेच जास्त माणसं नेली. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाचं सांगणं आहे, वीस फूट तरी लांब आणि धुराड्याचं तोंड घराच्या उलट बाजूला. वीस फूट म्हणजे सहा मीटर, आपली आठ पावलं. बायका-मुलांची आखूड पावलं धरून आम्ही दहा केली. 'दाराबाहेर दहा पावलं' हे क्लबचं घोषवाक्य तिथून आलं. कुणा कवीने दिलेलं नाही.

पण शहापूरच्या गल्लीत माझ्या दारापासून दहा पावलांवर कुणाचं दार येतं? समोरच्याचं. भिंतीला भिंत लागून घरं. माझ्या सोप्यातून काढलेला वायू मी त्याच्या सोप्यात सोडणार. अमेरिकेतल्या अंगणांना लागू पडणारा नियम इथं तसाच लावला असता तर गल्लीत रोज भांडणं झाली असती, आणि भांडणाऱ्याचं म्हणणं बरोबर असतं. दोन सभा यातच गेल्या. तोडगा तात्यांनी काढला. गल्लीच्या तोंडाशी, पिंपळाच्या पारापलीकडे जिथं तिन्ही बाजूंनी वारा आहे तिथं एकच सेट लावायचा आणि फळी गल्लीत आणायची. ज्याला फोन चार्ज करायचाय, ज्याच्या पोराची परीक्षा आहे, त्याने फळीपाशी यायचं. करंट गेल्यावर दार लावून बसणारी माणसं पाराशी येऊन बसू लागली. मुलं पुस्तकं घेऊन आली. एक-दोन सोयरिकीही तिथं जमल्याचं बोललं जातं. त्याचं श्रेय मात्र क्लबने घेतलेलं नाही.

गावोगावी सेट जातो तेव्हा प्रत्येक ठिकाणी पार नसतो आणि पावलं मोजायला सांगितलं तर माणसं अंदाजाने मोजतात. म्हणून सेटच्या फ्रेमला एक दोरी बांधली. वीस फुटी, पिवळी नायलॉनची, टोकाला गाठ. गाठ दाराच्या कडीला लावायची, दोरी ताणली जाईल तिथं सेट ठेवायचा, मग दोरी सोडायची. पाऊस असला तर सेटवर चार बांबूंचं उघडं छप्पर करायचं, पण सेट आत आणायचा नाही. इंधन भरायचं ते बंद करून, पंधरा मिनिटं निवल्यावर. तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोल सांडलं तर वहीत शेरा लिहायला कुणी उरत नाही.

बातमीनंतर दहा दिवसांनी, २३ जुलैला, वेदगंगा परत यमगर्णीला महामार्गावर आली. त्या खेपेला सेट नेला तेव्हा दोरी नवीकोरी होती. ज्या शाळेत उतरलो तिथं आधीच एक मोठा सेट होता, वर्गखोल्यांच्या मधल्या बोळात, आणि बोळाची दोन्ही दारं पावसामुळे ओढून घेतलेली. शेजारच्या वर्गात माणसं चादरी पसरत होती. आम्ही दोरी दाखवली. सेट कुणाचा होता, कुणी ठेवला होता, ते सांगण्यात अर्थ नाही. ती बातमी यायच्या आधी आम्हीही तिथंच ठेवला असता. सहा जणांनी मिळून तो अंगणात नेला. त्या रात्री कुणाला पित्त झालं नाही. एवढीच नोंद वहीत आहे, पण माझ्या मते क्लबच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी नोंद.

अलीकडे वहीची पानं हळू भरतात. घरोघरी इन्व्हर्टर आले. रॉकेल मिळेनासं झालं. जुना सेट मी मोडीत न देता दुकानाच्या पोटमाळ्यावर ठेवलाय, आता पेट्रोलचा नवा आहे. पण वायू तोच आहे आणि तो दुसऱ्या दारांनी येतो. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर हे त्यातलं सर्वांत नेहमीचं दार. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या बेळगावातच, अमननगरात, थंडीसाठी खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेले तीन तरुण गेले. तिथं जनरेटर नव्हता. तेव्हापासून आपले सभासद जोडीने घरोघरी जाऊन न्हाणीघरं बघतात. गीझर बाहेरच्या भिंतीला लावा, नसेल जमत तर पाणी बादलीत काढून गीझर बंद करा आणि मग आंघोळीला बसा, एवढंच सांगतात. लोक आधी हसतात. क्लबची माणसं आमची न्हाणी कशाला बघायला आली, असं एका काकूंनी तोंडावर विचारलं. मग चहा दिला आणि न्हाणी दाखवली. खिडकीत पुठ्ठा कोंबलेला होता, गार वारा येतो म्हणून.

लाल वहीतली शेवटची नोंद मागच्या महिन्यातली. काम : वास्तुशांत. परत : दुसऱ्या दिवशी सकाळी, टाकी पुसून. शेरा माझ्या अक्षरात : 'सेट उत्तम. फळी उत्तम. दोरी आली नाही.' चौकशी केली तेव्हा कळलं, त्या घरी तिच्यावर पाहुण्यांचे टॉवेल वाळत घातलेत. रविवार पेठेतून नवी वीस फूट आणायला सांगितलीय.